सबवूफरचा घुमारा आणि हरवलेला दणका: ईक्यूची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मंद्रस्वर

नमस्कार. होम थिएटरच्या खोलीतील बास नीट बसवताना मी एका टप्प्यावर अडलो आहे, म्हणून सगळा तपशील देऊन विचारतो.

खोली सरळ आयताकृती आहे: लांबी ५.२ मीटर, रुंदी ३.६ मीटर आणि उंची २.९ मीटर. पडदा अरुंद भिंतीवर आहे. मांडणी ५.१ ची (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असून १२ इंची, पोर्ट (हवेसाठी भोक) असलेला सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा स्पीकर, पुढच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आहे. तिघांचा सोफा मागच्या भिंतीला न टेकवता पुढे घेतला आहे आणि बसल्यावर डोक्यापासून त्या भिंतीपर्यंतचे अंतर १.३ मीटर भरते.

रिसीव्हरमधील स्वयंचलित कॅलिब्रेशन (माइकने मोजून स्पीकरची जुळणी) सूचनांबरहुकूम पूर्ण केले. संवाद स्पष्ट झाले, मागचे स्पीकर जागच्या जागी बोलू लागले, पण बासच्या बाबतीत समाधान झाले नाही. स्फोट किंवा विमानाच्या इंजिनासारखे खोल आवाज आले की खोली घुमते आणि प्रसंग पुढे सरकला तरी घुमारा रेंगाळत राहतो. याउलट ड्रमच्या किकमध्ये जो दणका हवा, तो येत नाही. बास गिटारचे सूर क्रमाने चढत जातात तेव्हा मधला एखादा सूर गिळल्यासारखा होतो आणि त्याच्या पुढचा पुन्हा व्यवस्थित ऐकू येतो. शिवाय मी सोफ्यावर मध्यभागी बसतो आणि मला बास कमी पडतो. माझ्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना मात्र तो इतका जड वाटतो की ते सबवूफरचा आवाज उतरवायला सांगतात.

कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी मापन-माइक आणून ‘रूम ईक्यू विझार्ड’ या मापन-सॉफ्टवेअरमध्ये सबवूफरचा एकट्याचा स्वीप (खालून वर सरकत जाणाऱ्या स्वराचे मापन) घेतला. मधल्या जागेवर ३३ हर्ट्झला सरासरीच्या ९ डेसिबल वर जाणारे टोकदार शिखर दिसते आणि ६६ हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबलचा खळगा. ४८ हर्ट्झच्या आसपास मधल्या जागेवर आवाज पडलेला आहे, तर बाजूच्या जागांवर तिथेच शिखर आहे.

आता विचारायचे ते असे. ६६ हर्ट्झचा खळगा भरण्यासाठी ईक्यूने (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) तिथे ९ डेसिबल वाढवू का? रिसीव्हरने सबवूफरचे अंतर ५.९ मीटर मोजले आहे, पण टेपने ते ३.९ मीटर भरते; हा आकडा दुरुस्त करावा का? पुढचे स्पीकर त्याने ‘लार्ज’ (खालचा बासही स्वतः वाजवणारे) ठरवले आहेत, ते तसेच राहू द्यावेत का? आणि रात्री आवाज कमी ठेवला की बास जवळजवळ नाहीसा होतो, त्यावर काही उपाय आहे का?


प्रतिसाद : तरंगलांबी

आपण खोलीची मापे आणि आलेखातील आकडे दोन्ही दिलेत हे फार बरे झाले, कारण ते शेजारी शेजारी मांडले की आपल्या बहुतेक तक्रारींची उत्तरे तिथेच मिळतात. ईक्यूला अजून हात लावू नका.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागे-पुढे परावर्तित होत राहतो आणि ज्या वारंवारतेची अर्धी तरंगलांबी त्या अंतराइतकी असते, तिथे स्थिर तरंग, म्हणजेच अनुनाद, तयार होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागले की पहिला अनुनाद मिळतो. आपल्या खोलीत लांबीचा पहिला अनुनाद ३३ हर्ट्झला येतो, दुसरा त्याच्या दुप्पट म्हणजे ६६ हर्ट्झला. रुंदीचा पहिला सुमारे ४८ ला आणि उंचीचा ५९ ला. आपल्या आलेखातील आकडे हेच आहेत. म्हणजे सबवूफर किंवा रिसीव्हर सदोष नाही. जे दिसते आहे ते खोलीचे वर्तन आहे.

लांबट हौदातले पाणी एका टोकाकडून हलवले की दोन्ही टोकांना पाणी वरखाली होते आणि मध्यावर पातळी जवळजवळ हलत नाही. पहिल्या अनुनादात ध्वनिदाब तसाच वागतो: भिंतींपाशी सर्वाधिक, मध्यावर शून्याच्या जवळ. आपण सोफ्यावर मधे बसता म्हणजे रुंदीच्या नेमक्या मध्यावर बसता, म्हणून ४८ हर्ट्झ आपल्याला ऐकूच येत नाही. बाजूला बसणारे भिंतींच्या जवळ असल्याने त्यांच्या कानी तोच स्वर उसळून येतो. दोघांची तक्रार एकाच अनुनादाची आहे आणि दोघेही बरोबर आहेत. आवाजाचे बटण फिरवून हा वाद मिटणार नाही.

६६ हर्ट्झचे गणितही असेच आहे. दुसऱ्या अनुनादात शून्याच्या जागा लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर येतात. ५.२ मीटरचा पाव भाग १.३ मीटर होतो, आणि आपले डोके मागच्या भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तरी निष्कर्ष तोच निघतो: १.३ मीटर ही ६६ हर्ट्झची पाव तरंगलांबी आहे, त्यामुळे मागच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी अर्धे आवर्तन उशिरा येऊन मूळ ध्वनीला खोडतो. बास गिटारचा ६५.४ हर्ट्झचा सी हा सूर नेमका याच खळग्यात पडतो, आणि किकच्या दणक्याचा मोठा वाटाही याच भागात असतो.

आता आपला पहिला प्रश्न. तिथे ९ डेसिबल वाढवणे म्हणजे अॅम्प्लिफायरकडून त्या वारंवारतेला जवळजवळ आठपट शक्ती मागणे. मूळ ध्वनी जितका वाढेल तितकाच भिंतीवरून येणारा, त्याला खोडणारा ध्वनीही वाढेल. म्हणून आपल्या जागेवर फारसे काही बदलणार नाही, पण इतर जागांवर ६६ हर्ट्झ असह्य होईल आणि सबवूफर त्याच्या मर्यादेला जाऊन भिडेल. खोडून निघालेला ध्वनी ईक्यूने परत आणता येत नाही. बसण्याची जागा किंवा सबवूफर, यांपैकी काहीतरी हलवावेच लागते.

सोफा ४० सेंटिमीटर मागे घ्या, म्हणजे डोके भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर येईल. तिथे ६६ हर्ट्झचा दाब शून्यापासून बराच वर आलेला असतो. याची किंमत म्हणून ३३ हर्ट्झचे शिखर दीड-दोन डेसिबलनी वाढेल, पण ती किंमत द्यावी असे माझे ठाम मत आहे, कारण शिखर ईक्यूने कापता येते आणि असा खळगा भरता येत नाही. मागच्या भिंतीवरून येणारा अडथळा आता ९५ हर्ट्झच्या आसपास सरकेल. तो मुख्य स्पीकरांच्या हद्दीत असेल आणि तिथे मागच्या भिंतीवर जाड शोषक लावला तर थोडाफार परिणामही होतो. पातळ फोमच्या पट्ट्या मात्र या भागात निरुपयोगी आहेत. ४० हर्ट्झची पाव तरंगलांबीच २ मीटरहून अधिक असते, तिच्यापुढे दोन इंची फोमचे काही चालत नाही.

सबवूफर कोपऱ्यातून काढून पुढच्या भिंतीच्या मध्यावर, पडद्याखाली ठेवून पाहा. कोपरा हा तिन्ही दिशांच्या सर्व अनुनादांचा दाबबिंदू असल्याने तिथून सगळेच चेतवले जातात. रुंदीच्या मध्यावर ४८ हर्ट्झच्या अनुनादाचा शून्यबिंदू आहे, त्यामुळे तिथे ठेवलेला सबवूफर त्याला जवळजवळ चेतवतच नाही आणि बाजूच्या जागांवरचा जडपणा मुळातच नाहीसा होतो. मधल्या जागेवर ४८ हर्ट्झला थेट येणारा ध्वनी तर मिळतोच. कोपऱ्यात मिळणारा एकूण जोर थोडा कमी होईल, पण १२ इंची सबवूफरला या आकाराच्या खोलीत तो सोसवायला हवा.

पडद्याखाली जागा नसेल तर जुनी आणि विश्वासार्ह युक्ती वापरावी: सबवूफर तात्पुरता सोफ्याच्या जागी, शक्यतो बसल्यावर कान असतात त्या उंचीवर ठेवावा आणि माइक खोलीत जिथे जिथे सबवूफर ठेवणे शक्य आहे तिथे जमिनीलगत नेऊन स्वीप घ्यावेत. जिथला आलेख सर्वांत सपाट, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा प्रतिसाद तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते.

अंतराचा आकडा मुळीच दुरुस्त करू नका. रिसीव्हर टेपचे अंतर मोजत नाही, ध्वनी पोहोचायला लागणारा वेळ मोजतो. सबवूफरमधील फिल्टर आणि त्याची डिजिटल प्रक्रिया यांत काही मिलिसेकंद जातात. २ मीटरचा फरक म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, आणि हे अगदी सामान्य आहे. मात्र सबवूफर किंवा सोफा हलवल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागेल.

पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. या पर्यायांचा स्पीकरच्या आकाराशी किंवा प्रतीशी संबंध नसून खालचा बास कोणी वाजवायचा एवढेच त्यातून ठरते. सबवूफरच्या पाठीमागे स्वतःचा लो-पास (वरचे स्वर कापणारा फिल्टर) असेल तर तो एलएफई (बासचा वेगळा चॅनेल) किंवा बायपासवर न्यावा. ती सोय नसेल तर शेवटच्या टोकाला फिरवावा. नाहीतर दोन फिल्टर एकापुढे एक लागतात आणि ८० हर्ट्झच्या आसपास नवीच दरी तयार होते.


प्रतिसाद : खर्जसाधक

जागा आधी आणि ईक्यू नंतर, या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. पण ‘शिखर कापा, खळगा भरू नका’ हे सूत्र सरसकट लावले की चांगली सुधारणा हातची जाते, म्हणून थोडी भर घालतो.

सगळे खळगे एका जातीचे नसतात. ६६ हर्ट्झचा आपला खळगा अरुंद आणि खोल आहे. तो खोडला जाण्यातून आलेला आहे आणि त्याला हात लावू नये हे बरोबर. परंतु पंधरा-वीस हर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेली, दोन-तीन डेसिबलची उथळ उतरण असेल आणि ती सोफ्याच्या तिन्ही जागांवर सारखीच दिसत असेल, तर तिथे २ ते ३ डेसिबलची वाढ निर्धोक असते. ओळखायची रीत सोपी आहे. माइक ३० सेंटिमीटर इकडे-तिकडे सरकवून पुन्हा स्वीप घ्यावा. खळग्याची खोली किंवा वारंवारता लगेच बदलली तर तो भरण्याच्या फंदात पडू नये. उतरण जागची हलली नाही तर ती हलक्या हाताने उचलता येते. फक्त पोर्टच्या ट्यूनिंगखाली (पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिच्याखाली) कधीही वाढवू नये, कारण तिथे पोर्टमधून शंकूला (स्पीकरच्या हलणाऱ्या भागाला) मिळणारा हवेचा आधार सुटतो. शंकू मोकाट हलतो, आवाज मात्र वाढत नाही.

आता ३३ हर्ट्झच्या शिखराविषयी, कारण ईक्यूचे खरे काम इथेच आहे. कमी वारंवारतेचे हे अनुनाद बहुतांशी मिनिमम फेज प्रकारचे असतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की शिखराच्या नेमक्या वारंवारतेला, नेमक्या रुंदीचा पॅरामेट्रिक फिल्टर लावून ते कापले तर पातळी तर खाली येतेच, शिवाय आवाज रेंगाळणेही आटोपते. फिल्टर शिखराहून रुंद झाला तर शेजारचा निर्दोष भाग कापला जातो आणि बास पोकळ वाटू लागतो. अरुंद झाला तर मधे खड्डा पडून दोन्ही बाजूंना शिंगे उरतात. आपण सांगता तसे शिखर असेल तर ३३ हर्ट्झ, उणे ८ डेसिबल आणि क्यू (आकडा जितका मोठा तितका फिल्टर अरुंद) ६ ते ७ इथून सुरुवात करून पाहावी. क्यूची व्याख्या उपकरणागणिक थोडी बदलते, त्यामुळे सॉफ्टवेअरने दाखवलेल्या भाकितावर न थांबता फिल्टर चालू ठेवून प्रत्यक्ष स्वीप पुन्हा घ्यावा आणि वॉटरफॉल आलेखात (आवाज काळानुसार कसा विरतो ते दाखवणाऱ्या आलेखात) ३३ हर्ट्झची शेपटी खरोखर आखूड झाली का ते पाहावे.

मापनाविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. बासचा आलेख पाहताना स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणे) पूर्ण बंद ठेवावे किंवा फार तर १/४८ सप्तक ठेवावे. १/६ सप्तकाने अशी अरुंद शिखरे दिसेनाशी होतात आणि सर्व काही छान असल्याचा भास होतो. दुसरे असे की माइक कानाच्या उंचीवर, पण सोफ्याच्या पाठीपासून मोकळा असावा, आणि तो हातात धरू नये, स्टँडवर ठेवावा. फोनमधील ध्वनिमापक अॅपवर बासचा निर्णय घेऊ नये, कारण फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले असतात आणि खालचा भाग बऱ्याचदा मुद्दाम कापलेला असतो. साध्या ध्वनिमापकाने पातळी जुळवायचीच असेल तर सी-वेटिंग (वारंवारतेनुसार वजन देण्याची एक पद्धत) आणि स्लो निवडावे. ए-वेटिंगमध्ये ३१.५ हर्ट्झचा आवाज तब्बल ३९ डेसिबलने कमी दाखवला जातो.

शेवटी ध्येयरेषेविषयी, म्हणजे आलेख कसा असावा याविषयी, माझे मत. पूर्ण सपाट बास मोजायला सुंदर असतो, पण घरातील खोलीत बहुतेकांना तो रोडावलेला वाटतो. १०० हर्ट्झपासून ३० हर्ट्झपर्यंत हळूहळू ४ ते ६ डेसिबल चढणारी रेषा मला योग्य वाटते. ही चढण शिखरे कापून झाल्यावर द्यावी. आधी दिली तर आपण बास वाढवला असे वाटते आणि प्रत्यक्षात घुमारा वाढलेला असतो.


प्रतिसाद : शांतवेळ

रात्रीच्या कमी आवाजाविषयी लिहितो, कारण त्या प्रश्नाला अजून कोणी स्पर्श केलेला नाही.

इथे दोष आपल्या मांडणीचा नाही. माणसाच्या कानाची घडणच तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली समान श्रवणतीव्रतेचे आलेख प्रसिद्ध केले आणि आज आयएसओ २२६ या मानकात त्यांची सुधारित आवृत्ती आहे. त्यानुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. आवाज मोठा केला की ही तफावत कमी होते. चित्रपटाचे मिश्रण मोठ्या आवाजात केलेले असते. रिसीव्हरच्या ० या खुणेवर मुख्य चॅनेलची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत आणि एलएफईची ११५ पर्यंत जाणे अपेक्षित असते. आपण तेच मिश्रण ३० डेसिबल खाली ऐकतो तेव्हा संवाद ऐकू येत राहतात आणि बास श्रवणाच्या उंबरठ्याखाली जातो.

म्हणून रात्रीसाठी सबवूफरची पातळी हाताने वाढवून ठेवू नये. सकाळी ती तशीच राहून जाते आणि पुन्हा घुमाऱ्याची तक्रार सुरू होते. रिसीव्हरमध्ये आवाजाच्या पातळीनुसार बास आपोआप उचलणारी सोय असेल तर ती वापरावी. ऑडिसी या कॅलिब्रेशन प्रणालीमध्ये ती डायनॅमिक ईक्यू या नावाने असते, यामाहाच्या यंत्रांत वायपीएओ व्हॉल्यूम या नावाने. डायनॅमिक ईक्यू मागच्या स्पीकरांचा आवाजही उचलतो, आणि संगीत ऐकताना त्याचा बास जास्त वाटू शकतो. तेव्हा त्यातील रेफरन्स लेव्हल ऑफसेट (ही वाढ सौम्य करणारे सेटिंग) १० किंवा १५ वर न्यावा. ही सोय कॅलिब्रेशन बरोबर झाले असेल तरच नीट चालते, कारण खोलीत प्रत्यक्ष किती डेसिबल उमटत आहेत हे यंत्राला त्याच मापनावरून कळते.


मंद्रस्वर :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सोफा मागे घेतला, सबवूफर पडद्याखाली मध्यावर आणला, सबवूफरचा लो-पास बायपास केला, पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ केले आणि कॅलिब्रेशन नव्याने केले.

बाजूच्या जागांवरचे ४८ हर्ट्झचे शिखर जवळजवळ नाहीसे झाले आहे. तिन्ही जागांचे आलेख आता ६० हर्ट्झपर्यंत एकमेकांच्या बरेच जवळ चालतात आणि सबवूफर उतरवण्याची मागणी थांबली आहे. ६६ हर्ट्झला अजून थोडी उतरण आहे, पण बास गिटारचा हरवलेला सूर परत आला. ३३ हर्ट्झचे शिखर अपेक्षेप्रमाणे वाढून ११ डेसिबलवर गेले होते. सबवूफरच्या स्वतःच्या पॅरामेट्रिक ईक्यूमध्ये ३३ हर्ट्झ, उणे ८ डेसिबल, क्यू ६ असा फिल्टर लावला तेव्हा डाव्या बाजूला ३० हर्ट्झपाशी एक शिंग उरले. क्यू ५ केल्यावर ते बसले. वॉटरफॉलमध्ये या वारंवारतेची शेपटी आधी अर्ध्या सेकंदापर्यंत लांबत होती, ती आता स्पष्टपणे आखूड दिसते. स्फोटाचा आवाज येतो आणि थांबतो. हा फरक आलेख न पाहताही कळतो.

दोन गोष्टी उरल्या आहेत. सबवूफर आणि मधला स्पीकर एकत्र वाजवून स्वीप घेतला की ७५ ते ९० हर्ट्झमध्ये ६ डेसिबलची दरी दिसते, पण दोन्ही वेगवेगळे मोजले तर तिथे तशी दरी नाही. शिवाय, पुढेमागे दुसरा सबवूफर घेतला तर ३३ हर्ट्झवर त्याचा उपयोग होईल का, आणि तो कुठे ठेवावा?


प्रतिसाद : तरंगलांबी

वेगवेगळे मोजल्यावर न दिसणारी आणि एकत्र वाजवल्यावर उघडी पडणारी दरी हे फेज (दोघांच्या लाटांची वेळ) न जुळल्याचे लक्षण आहे. क्रॉसओव्हरच्या आसपास दोघेही तोच स्वर वाजवत असतात. ते एकमेकांना साथ देण्याऐवजी काही अंशी खोडत आहेत. यावर ईक्यू लावू नका, वेळ जुळवा.

मधला स्पीकर आणि सबवूफर एवढेच चालू ठेवून ४० ते १६० हर्ट्झचा स्वीप घ्या आणि रिसीव्हरमधील सबवूफरचे अंतर एका वेळी ३० सेंटिमीटर बदलत दर वेळी नवा आलेख आधीच्या आलेखावर ठेवून पाहा. अंतराचा आकडा वाढवला की रिसीव्हर सबवूफरला इतरांच्या तुलनेत आधी ध्वनी देतो, कमी केला की उशिरा. ८० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असल्याने ३० सेंटिमीटरच्या एका पावलाने फेज २५ अंशांनी सरकतो. थोड्याच पावलांत दरी भरत जाताना दिसेल आणि एका मर्यादेनंतर पुन्हा खोल होऊ लागेल.

सर्वांत भरलेला आलेख डोळ्यांनी ठरवणे कठीण जाते, कारण माथ्यावर बदल फार मंद असतो. म्हणून उलट बाजूने जावे हे अधिक अचूक: सबवूफरची पोलॅरिटी (लाटेची उलट-सुलट दिशा) तात्पुरती १८० अंशांवर करावी, ज्या अंतराला ८० हर्ट्झपाशी दरी सर्वांत खोल आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसते ते अंतर निवडावे आणि मग पोलॅरिटी पुन्हा ० वर आणावी. पूर्ण खोडले जाणे आणि पूर्ण जुळणे यांत नेमके १८० अंशांचे अंतर असते, त्यामुळे दरीचा तळ सापडला की जुळणीची जागाही सापडते. त्यानंतर डावा आणि उजवा स्पीकर असाच तपासा. तिघांसाठी एकच अंतर आदर्श ठरत नसेल तर मधल्या स्पीकरला झुकते माप द्यावे, चित्रपटातील बहुतेक संवाद तिथूनच येतात.

दुसऱ्या सबवूफरविषयी: होय, ३३ हर्ट्झवर त्याचा निश्चित उपयोग होईल, आणि त्याची जागा मागच्या भिंतीच्या मध्यावर असावी. लांबीच्या पहिल्या अनुनादात पुढच्या आणि मागच्या भिंतीपाशी दाब परस्परविरुद्ध दिशेने बदलतो. दोन्ही टोकांना सारखेच सबवूफर एकाच फेजमध्ये वाजले तर त्या अनुनादाला दोघांकडून विरुद्ध धक्के मिळतात आणि तो उभाच राहत नाही. हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी आयताकृती खोल्यांमध्ये सबवूफरची संख्या आणि जागा यांचा पद्धतशीर अभ्यास करून २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात निष्कर्ष मांडले, त्यांत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफर ही जागोजागचा फरक कमी करणारी उत्तम मांडणी ठरली. चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर त्याहून चांगले, पण चारांच्या पुढे फारसा लाभ उरत नाही. ६६ हर्ट्झचा दुसरा अनुनाद या मांडणीने दबत नाही, उलट दोघेही त्याला सारखाच जोर देतात. आपण सोफा पाव लांबीच्या जागेवरून हलवला आहे, म्हणून आता तो वाढला तरी आपल्याला मदतच होईल.

घेताना शक्यतो आहे तेच मॉडेल घ्या. पोर्ट असलेला आणि बंद पेटीचा असे दोन एकत्र केले तर ट्यूनिंगच्या आसपास त्यांचे फेज वेगवेगळे चालतात आणि अनुनाद खोडण्याचे हे गणित बिघडते. दुसरा आल्यावर पहिल्याचा ३३ हर्ट्झचा फिल्टर काढून टाका, दोघांचे गेन (सबवूफरवरील पातळीचे बटण) सारखे ठेवा, मागचा सबवूफर सोफ्याच्या जवळ असला तरी त्याला वेगळा विलंब न देता आधी दोघे एकत्र मोजा, आणि जे शिखर उरेल त्यावर दोघांना मिळून एकच फिल्टर लावा. दोन सबवूफर एकत्र झाल्यावर एकूण पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढते, म्हणून नवे कॅलिब्रेशन सुरू करण्याआधी दोन्हींचे गेन तितके उतरवून घ्या. नाहीतर रिसीव्हरची सबवूफर ट्रिम (त्याने ठरवलेली पातळीची दुरुस्ती) उणे १२ या टोकाला जाऊन अडते आणि त्याने मोजलेल्या पातळीवर भरवसा ठेवता येत नाही.